अमेरिकेतून प्रयोगशाळेचं बिऱ्हाड हलवताना: काय, कधी आणि कोणत्या क्रमाने

७ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार. संध्याकाळी एनआयएचची, म्हणजे अमेरिकी सरकारच्या आरोग्य-संशोधन संस्थेची, सूचना आली की अनुदानाबरोबर विद्यापीठाला मिळणारा अप्रत्यक्ष खर्च यापुढे सरसकट १५ टक्के. मोठी विद्यापीठं तोवर पन्नास-साठ टक्के घेत होती. वीज, प्राण्यांची निगा, घातक कचऱ्याची विल्हेवाट, हिशेबनीस हे सगळं त्यातूनच चालायचं. न्यायालयाने ती सूचना थांबवली. पण आमच्या गावातल्या मराठी संशोधकांच्या व्हॉट्सॲप गटावर त्या रात्री एकाने विचारलेला प्रश्न थांबला नाही: "आता निघायचं का?"

मार्चमध्ये 'नेचर' या विज्ञान-साप्ताहिकाने वाचकांचा कौल घेतला. अमेरिकेतल्या १६०० हून जास्त संशोधकांनी उत्तरं दिली आणि त्यातले चारातले तीन जण देश सोडण्याचा विचार करत होते. पुढे चालू अनुदानं मधेच रद्द होऊ लागली. २०२६ च्या अंदाजपत्रकात एनआयएचला सुमारे ४० टक्के आणि मूलभूत विज्ञानाला पैसा देणाऱ्या एनएसएफला निम्म्याहून जास्त कात्री सुचवली गेली. अमेरिकी संसदेने तेवढी कपात मान्य केली नाही, पण तोवर कित्येक प्रयोगशाळांनी नवी भरती थांबवली होती. सप्टेंबरमध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क आलं.

मी निघाले. उंदरांवर काम करणारी माझी छोटी प्रयोगशाळा, नवरा आणि नऊ वर्षांची मुलगी असं बिऱ्हाड घेऊन जर्मनीत आले. जवळजवळ वर्ष लागलं, आणि त्यातले निदान चार महिने कामं चुकीच्या क्रमाने केल्यामुळे गेले. तो क्रम तुमचा चुकू नये म्हणून हे लिहिते आहे. निर्णय हवा तितका सावकाश घ्या, तयारी मात्र या आठवड्यात सुरू करा. कागद जमवले म्हणजे नोकरी सोडली असं होत नाही, आणि कुणाशी बेइमानीही होत नाही.

आधी आपल्या तारखा मांडा

एका कागदावर चार तारखा लिहा: चालू अनुदान कधी संपतं, व्हिसा किंवा आय-९४ (अमेरिकेत राहण्याच्या मुदतीची नोंद) कधी संपतो, पासपोर्ट कधी संपतो आणि मुलांचं शाळेचं वर्ष कधी संपतं. यातली सर्वांत जवळची तारीख हीच तुमची खरी मुदत.

मग स्वतःला विचारा की नेमकं काय बिघडलं आहे. अनुदान रद्द झालं आहे, की नूतनीकरण होणार नाही अशी भीती आहे? विषयच नकोसा ठरला आहे, की विषय ठीक आहे पण व्हिसा डळमळीत आहे? प्रत्येकाचा उपाय वेगळा. हवामान, लसी, आरोग्यातली विषमता अशा विषयांत काम करणाऱ्याला अमेरिकेतच दुसरं विद्यापीठ शोधून फारसं काही साधणार नाही. पण ज्याचा प्रश्न फक्त व्हिसाचा आहे, त्याला खंड ओलांडण्याआधी वकिलाबरोबरचा एक तास पुरू शकतो. माझ्या ओळखीतले दोघे घाबरून निघायच्या बेतात होते, तारखा मांडल्यावर थांबले, आणि ते बरोबरच होतं.

नोकरी गेली तर किती दिवस मिळतात हेही त्याच कागदावर लिहा. एच-१बी असेल तर जास्तीत जास्त ६० दिवस, जे-१ (देवाणघेवाण कार्यक्रमाचा व्हिसा) असेल तर कार्यक्रम संपल्यावर ३० दिवस. इतक्या कमी वेळात युरोपातल्या कुठल्याही संस्थेची नेमणूक पूर्ण होत नाही. म्हणूनच नोकरी असतानाच हालचाल करायची.

कागद: सगळ्यांत कंटाळवाणं आणि सगळ्यांत निर्णायक

ज्यू कुटुंबात जन्मलेल्या भौतिकशास्त्रज्ञ लिझे माइटनर १९०७ पासून बर्लिनमध्ये होत्या. १९३३ मध्ये ज्यू प्राध्यापकांना काढायला सुरुवात झाली तेव्हा त्या ऑस्ट्रियाच्या नागरिक असल्याने थांबू शकल्या, आणि थांबल्या. मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला आणि त्यांचा ऑस्ट्रियन पासपोर्ट एका दिवसात निरुपयोगी झाला. १३ जुलै १९३८ रोजी दोन छोट्या बॅगा, पर्समध्ये दहा मार्क आणि सहकारी ओटो हान यांनी अडीनडीला दिलेली हिऱ्याची अंगठी एवढ्यावर त्या रेल्वेने हॉलंडच्या हद्दीत शिरल्या. आपली परिस्थिती तितकी भीषण नाही, आणि तुलना मी त्या अर्थाने करतही नाही. पण सरकारं बदलतात तेव्हा कालपर्यंत चालणारा कागद आज चालेनासा होतो, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे.

पासपोर्टची दोन वर्षांपेक्षा कमी मुदत उरली असेल तर आताच नवा करा. मग नावाचा घोळ सोडवा. तो आपल्याकडे हमखास असतो. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. मधलं नाव कुठे वडिलांचं, कुठे नवऱ्याचं, कुठे नुसतं आद्याक्षर. लग्नाआधीच्या नावाने पीएचडी आणि नंतरच्या नावाने शोधनिबंध. मराठी माणसाला हे एकच नाव आहे हे बघताक्षणी कळतं, पण ड्रेस्डेन किंवा लिऑनच्या कार्यालयातल्या माणसाला त्या दोन वेगळ्या व्यक्ती वाटतात. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा, आणि अर्जात नाव पासपोर्टप्रमाणेच लिहा.

विवाह नोंदणीचा दाखला शोधा. लग्नपत्रिका आणि फोटो चालत नाहीत. नोंदणी केलेलीच नसेल तर पुढच्या भारतभेटीत पहिलं काम ते. भारतातल्या कागदांना आधी राज्य सरकारचं प्रमाणीकरण आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टील (कागद परदेशात ग्राह्य ठरवणारा शिक्का) लागतो. फ्रान्स, नेदरलँड्स वगैरे देशांना तो चालतो. जर्मनीने मात्र भारताच्या अपोस्टीलला हरकत घेतलेली आहे आणि तिथे कागदांची पडताळणी वेगळ्या रीतीने होते. माझे सहा आठवडे इथेच गेले, कारण मी अपोस्टील करून निर्धास्त बसले होते. ज्या देशात जायचं त्याच्या दूतावासाच्या पानावर त्यांना कोणत्या रूपात कागद हवा ते वाचा आणि मगच पैसे भरा.

अमेरिकेतले कागदही विसरू नका. तिथली पीएचडी असेल तर पदवीपत्रावर त्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटचा अपोस्टील, आणि एफबीआयचा चारित्र्य दाखला असेल तर त्यावर परराष्ट्र खात्याचा. मुलं अमेरिकेत जन्मली असतील तर जन्मदाखल्याच्या दोन प्रमाणित प्रती. हे सगळं देशात असताना डाव्या हाताचं काम आहे, बाहेरून करायला घेतलं तर महिने जातात.

अमेरिकेतला आपला दर्जा आणि परतीचा दरवाजा

व्हिसाचा शिक्का संपला असेल तर नोकरीच्या मुलाखतीसाठी युरोपला जाऊ नका. परत यायला नवा शिक्का लागेल आणि त्यासाठीच्या भेटीच्या तारखा आता भरवशाच्या राहिलेल्या नाहीत. सप्टेंबर २०२५ पासून नियम असा आहे की अशा व्हिसाची मुलाखत आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच द्यायची. कॅनडा-मेक्सिकोला ३० दिवसांच्या आत जाऊन येण्याची सवलत आहे, युरोपला नाही. "मी प्रवास करू शकत नाही, मुलाखत ऑनलाइन घ्याल का?" असं सरळ विचारा. आता तिकडच्या समित्यांना हे नवीन राहिलेलं नाही. मला कुणीही नाही म्हटलं नाही.

जे-१ वाल्यांना दोन वर्षं मायदेशी राहण्याच्या अटीची फार धास्ती असते. ती अट एच-१बी, एल व्हिसा आणि ग्रीन कार्डाच्या आड येते, तिसऱ्या देशात जाण्याच्या आड नाही. शिवाय ९ डिसेंबर २०२४ पासून कौशल्य-यादीतून भारताचं नाव वगळलं गेलं आहे, त्यामुळे फक्त त्या यादीमुळे बांधले गेलेले कित्येक जण मोकळे झाले. सरकारी पैशावर आला असाल तर मात्र अट कायम आहे, आणि युरोपात काढलेली वर्षं तिच्यात धरली जात नाहीत.

ग्रीन कार्ड असेल तर निघण्याआधी, देशात असतानाच, पुनर्प्रवेश परवान्याचा अर्ज करा. तो साधारण दोन वर्षांचा मिळतो. आणि मागच्या १५ वर्षांपैकी ८ वर्षं कार्ड असेल तर ते परत करण्याआधी कर सल्लागाराशी बोला, कारण तिथे देशत्यागाच्या कराचा नियम लागू होऊ शकतो. हे मी सांगते ते ढोबळ आहे. वकिलाची फी इथे वाचवू नका.

कुठे जायचं

देश निवडताना बहुतेक जण पगारापासून सुरुवात करतात. मी सांगेन की कायम नोकरीची वाट त्या देशात कुठून जाते ते आधी बघा. प्रत्येक देशाने २०२५ मध्ये दारं उघडल्याच्या घोषणा केल्या आहेत, पण दारातून आत गेल्यावर ओसरी आहे की माजघर, हे घोषणेत लिहिलेलं नसतं.

युरोपचा कणा म्हणजे युरोपियन रिसर्च कौन्सिल, ईआरसी. राष्ट्रीयत्वाची अट नाही, फक्त यजमान संस्था युरोपीय संघात किंवा संलग्न देशात हवी आणि कामाचा निदान अर्धा वेळ तिथे घालवायला हवा. स्टार्टिंग अनुदान १५ लाख युरोपर्यंत, कन्सॉलिडेटर २० लाख, अ‍ॅडव्हान्स्ड २५ लाख, पाच वर्षांसाठी. बाहेरून युरोपात येणाऱ्याला प्रयोगशाळा उभारायला जी जादा रक्कम मागता येते ती १० लाखांवरून २० लाख युरो केली आहे. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे हे अनुदान संशोधकाबरोबर फिरतं. यजमान संस्थेशी पटलं नाही तर ते घेऊन दुसरीकडे जाता येतं. एनआयएचच्या सवयीतून आलेल्या माणसाला याचं महत्त्व समजायला वेळ लागतो. पण निवड कठीण आहे, स्टार्टिंगमध्ये शंभरातले साधारण बारा जण लागतात. आणि घाईघाईने कच्चा प्रस्ताव टाकू नका, कारण खालची श्रेणी मिळाली तर पुढे काही काळ अर्जच करता येत नाही. पीएचडीनंतर किती वर्षांपर्यंत कोणता अर्ज चालतो ही मर्यादा बदलत असते, म्हणून त्या वर्षाची कार्यक्रमपत्रिकाच वाचा.

ब्रिटन २०२४ पासून आणि स्वित्झर्लंड २०२५ पासून पुन्हा या योजनेत आहेत. कॅनडा मात्र होरायझन युरोप या युरोपीय संशोधन-कार्यक्रमाच्या दुसऱ्या भागापुरताच संलग्न आहे, तिथे बसून ईआरसी मिळत नाही. आमच्या गटात एकाने यावर महिनाभर वाया घालवला, म्हणून मुद्दाम लिहिते.

पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचे तात्पुरते संशोधक, असाल तर मारी स्क्वोडोव्स्का-क्युरी फेलोशिप बघा. पीएचडीनंतर आठ वर्षांपर्यंतचा संशोधन अनुभव चालतो, आणि शेवटच्या तारखेआधीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं. तारीख साधारण सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येते. यजमान प्राध्यापकाला मे महिन्यात गाठलंत तरच प्रस्ताव धड होतो. ऑगस्टमध्ये अख्खा युरोप सुट्टीवर असतो, हे अतिशयोक्ती न करता सांगते.

फ्रान्सने सर्वांत आधी हालचाल केली. एक्स-मार्सेय विद्यापीठाने मार्च २०२५ मध्ये दीड कोटी युरोंची योजना जाहीर केली आणि मोजक्या जागांसाठी तीनशेच्या आसपास अर्ज आले. ५ मे २०२५ ला सॉर्बोनमध्ये युरोपीय आयोगाने २०२५ ते २०२७ साठी ५० कोटी युरो आणि फ्रान्सने स्वतःचे १० कोटी जाहीर केले. कायम नोकरीची मुख्य वाट मात्र तीच जुनी: सीएनआरएससारख्या सरकारी संशोधन संस्थांची वर्षातून एकदा होणारी स्पर्धा. पगार कमी, पण तरुण वयात कायम जागा मिळते. ज्याला स्वस्थपणे एका प्रश्नावर वीस वर्षं काम करायचं आहे त्याला ही फार चांगली जागा आहे, असं माझं मत.

जर्मनीत पैसा आहे, यंत्रं आहेत, माक्स प्लांकसारख्या संस्था आहेत. अडचण कराराच्या कायद्याची. पीएचडीनंतर विद्यापीठात तात्पुरत्या करारावर साधारण सहाच वर्षं राहता येतं, वैद्यकशाखेत नऊ. बाहेरून आणलेल्या प्रकल्पाच्या पैशावर वाढ मिळते, पण तो आधार नव्हे. म्हणून जर्मनीत पोस्टडॉक म्हणून येताना सहा वर्षांनी काय, हा प्रश्न पहिल्याच बोलण्यात विचारा. गटप्रमुख किंवा प्राध्यापक म्हणून येत असाल तर जागा कायम होण्याच्या अटी करारात लिहिलेल्या हव्यात.

ब्रिटनचा ग्लोबल टॅलेंट व्हिसा संशोधकाला कुठल्याही एका मालकाशी बांधत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण आरोग्य अधिभार दर माणशी दर वर्षाचा, आणि तो सगळ्या वर्षांचा आधीच भरावा लागतो. चौघांच्या कुटुंबाला ही रक्कम झोप उडवते. ती संस्था भरणार का, हे लेखी विचारा. आणि तिथली कित्येक विद्यापीठं स्वतःच आर्थिक अडचणीत आहेत, विभागाची स्थिती पाहूनच होकार द्या. नेदरलँड्सचंही तसंच. तिथे संशोधक छान रुळतात, पण तिथल्या सरकारनेही उच्च शिक्षणाला कात्री लावली होती. राजकारण आपल्याला सोडून जात नाही, नव्या देशातही निवडणुका असतातच.

कॅनडाने २०२५ च्या शेवटी हजारावर संशोधक आणण्यासाठी १३ वर्षांत १.७ अब्ज कॅनेडियन डॉलरची योजना जाहीर केली. भाषा तीच, मुलांना जड जात नाही, आणि कायम वास्तव्याचा मार्ग बऱ्यापैकी स्पष्ट आहे.

आणि भारत. जैवतंत्रज्ञान विभागाची रामलिंगस्वामी आणि अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनची रामानुजन या पाच वर्षांच्या फेलोशिप बाहेरून परतणाऱ्यांसाठीच आहेत. आयसर पुणे, एनसीएल, एनसीसीएस, आयुका, मुंबईचं टीआयएफआर या ठिकाणी उत्तम काम चालतं आणि आईवडील जवळ असतात, याची किंमत डॉलरमध्ये करता येत नाही. पण फेलोशिप म्हणजे कायम नोकरी नव्हे. पैसे हाती येऊन यंत्र बसेपर्यंत वर्ष जातं असं धरून योजना करा. अमेरिकी नागरिकत्व घेतलं असेल तर त्या संस्थेत ओसीआयधारकाला कायम पद मिळतं का, हे अर्जाआधी विचारा.

पत्र कसं लिहायचं

शंभर जणांना एकच ईमेल पाठवू नका. आठ-दहा माणसं निवडा, त्यांचे मागच्या तीन वर्षांतले निबंध वाचा आणि प्रत्येकाला अर्ध्या पानाचं पत्र लिहा. मी काय करते, ते तुमच्याकडच्या कशाशी जुळतं, कोणत्या योजनेत आणि कोणत्या तारखेला अर्ज करायचा आहे, माझ्याकडून काय तयार आहे. राजकीय परिस्थितीवर एक वाक्य पुरे. ती त्यांना ठाऊक आहे, आणि त्यांना सोबती हवा आहे. माझ्या पहिल्या पत्रात अडीच परिच्छेद अनुदान रद्द होण्यावर होते. सहा जणांपैकी एकाचं उत्तर आलं. पुन्हा लिहिलेलं पत्र विज्ञानापासून सुरू झालं आणि पाचांतल्या चौघांनी उत्तर दिलं.

गुप्ततेबद्दलही स्पष्ट लिहा. "माझ्या विभागाला अजून माहीत नाही, शिफारसपत्रं शेवटच्या टप्प्यावर मागवा." लोक हे पाळतात. पत्रव्यवहार विद्यापीठाच्या ईमेलवरून करू नका.

होकार देण्याआधी: लेखी काय हवं

माइटनर यांची गोष्ट हॉलंडमध्ये संपली नाही. स्टॉकहोमला मान्ने सीगबान यांच्या नव्या संस्थेत त्यांना जागा मिळाली, पण उपकरणं नाहीत, मदतनीस नाहीत, स्वतःचा गट नाही. साठीच्या उंबरठ्यावरची, जगातल्या पहिल्या रांगेतली प्रायोगिक भौतिकशास्त्रज्ञ जवळजवळ रिकाम्या हातांनी बसली. त्याच डिसेंबरमध्ये भाच्याबरोबर त्यांनी अणुविखंडनाचा अर्थ लावला, पण तो कागदावर.

दुसरी गोष्ट आपल्या घरची. गॉटिंगेनमधून काढलेल्या भौतिकशास्त्रज्ञ माक्स बॉर्न यांना सी. व्ही. रामन यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत बोलावलं. १९३५-३६ मध्ये बॉर्न तिथे सहाएक महिने राहिले, रमले. रामन यांना ते कायमचे हवे होते, पण संस्थेत विरोध झाला, पद काही मिळालं नाही आणि बॉर्न एडिंबराला गेले. बोलावणाऱ्याचं मन कितीही मोठं असो, संस्थेचा शिक्का नसेल तर ते निमंत्रणच राहतं.

म्हणून यादी करा आणि प्रत्येक गोष्ट करारात किंवा त्याला जोडलेल्या पत्रात मागा: किती चौरस मीटर जागा आणि कोणत्या तारखेपासून, उभारणीचा पैसा किती आणि किती वर्षांत खर्चायचा, किती माणसांचे पगार, प्राणीगृहात किती पिंजरे, सामायिक यंत्रांचे दर, शिकवण्याचे तास आणि कोणत्या भाषेत, सामान हलवण्याचा खर्च, जोडीदाराच्या नोकरीसाठी मदत. जर्मनीत प्राध्यापकपदाची बोलणी ही रीतसर चालणारी गोष्ट आहे, मागितलं म्हणून कुणी रागावत नाही. आपल्याकडे मागायचा संकोच असतो. तो मलाही होता, आणि मी मागितल्या नाहीत त्या गोष्टी मला मिळाल्या नाहीत.

प्रयोगशाळा उचलणं

अनुदान विद्यापीठाच्या नावावर असतं, तुमच्या नाही. फ्रीजर, सूक्ष्मदर्शक, अगदी तुमच्याच अनुदानाच्या पैशातून घेतलेला सेंट्रीफ्यूजसुद्धा विद्यापीठाचा. एनआयएचचं अनुदान परदेशी संस्थेत नेणं व्यवहारात जमत नाही, आणि १ मे २०२५ च्या धोरणानंतर अमेरिकेतून परदेशी भागीदाराला उपअनुदान देण्याची जुनी पद्धतही थांबली. तेव्हा अमेरिकेतले पैसे तिकडून चालवू, हा बेत मनातून काढून टाका.

नेता येतं ते नमुने, प्लाझ्मिड (प्रयोगासाठी घडवलेली डीएनएची वर्तुळं), पेशीरेषा, उंदरांचे वाण आणि विदा (डेटा). यातल्या प्रत्येकासाठी दोन्ही संस्थांमध्ये साहित्य-हस्तांतरण करार लागतो आणि त्यावर सही करणारं कार्यालय तुमच्या घाईने चालत नाही. होकार दिला त्याच आठवड्यात हे अर्ज टाका. काही साहित्य तुम्हालाही दुसऱ्याकडून करारावर मिळालेलं असतं, ते पुढे न्यायला मूळ मालकाची परवानगी हवी. प्लाझ्मिड अ‍ॅडजीन या प्लाझ्मिडच्या भांडाराकडे जमा करून ठेवलेत तर तुमच्यासकट कुणालाही ते तिथून मागवता येतात, आणि अर्धी डोकेदुखी संपते.

जिवंत उंदीर विमानाने पाठवू नका. गोठवलेले शुक्राणू किंवा भ्रूण पाठवा आणि तिकडे वाण पुन्हा उभा करा. नवं प्राणीगृह बाहेरचे उंदीर तसेही थेट आत घेत नाही. गोठवणं, पाठवणं, पुन्हा जन्माला घालणं, मग जोड्या लावून पुरेशी संख्या होणं, यात सहा-आठ महिने सहज जातात. मी हे निघायच्या दोन महिने आधी सुरू केलं. ते होकाराच्या दिवशी सुरू करायला हवं होतं. जर्मनीत प्राण्यांवरच्या प्रयोगांचा परवाना प्रकल्पागणिक सरकारकडून घ्यावा लागतो आणि त्याला कित्येक महिने लागतात. शिवाय फेलासा (प्रयोगशाळेतल्या प्राण्यांविषयीच्या युरोपीय संस्थांचा महासंघ) मान्यतेचा अभ्यासक्रम केलेला असावा लागतो. हे दोन्ही अर्ज अमेरिकेत बसून सुरू करता येतात का, ते यजमानाला विचारा. माझ्या बाबतीत येत होते, मला ठाऊक नव्हतं.

माणसांच्या जनुकीय विदाचा प्रवेश संस्थेच्या नावाने असतो. जुन्या संस्थेतला बंद करून नव्या संस्थेतून पुन्हा मागावा लागतो. प्रयोगांच्या वहीची मूळ प्रत विद्यापीठाकडे राहते, प्रती नेण्याची लेखी परवानगी घ्या. यादी करून, तारीख घालून. परवानगीवाचून रात्री हार्ड डिस्क भरणं हा सध्याच्या वातावरणात स्वतःच्या हाताने ओढवून घेतलेला धोका आहे.

आता विद्यार्थी. या लेखातला हा भाग मी सर्वांत जास्त वेळा खोडून लिहिला. तुम्ही निघता तेव्हा तुमच्या पीएचडीच्या विद्यार्थ्याचं चौथं वर्ष चालू असतं, त्याचा एफ-१ व्हिसा, त्याचा पगार, त्याची पदवी सगळं तुमच्या नावावर टांगलेलं असतं. विभागाला औपचारिकपणे कळवण्याच्या बेतातच त्यांना सांगा, दुसऱ्याकडून कळू देऊ नका. प्रत्येकाशी वेगळं बसा. दीड वर्षाच्या आत संपणार असेल तर दूरून मार्गदर्शन आणि विभागातला सहमार्गदर्शक. नुकताच आला असेल तर दुसरी प्रयोगशाळा, आणि ती शोधायचं काम तुमचं. मधल्यांचा प्रश्न अवघड: तुमच्याबरोबर येऊन नव्या विद्यापीठात नाव घातलं तर पहिली वर्षं धरली जातीलच असं नाही. उभारणीच्या पैशातून एका विद्यार्थ्याचा पगार मी मागून घेतला आणि तो आला. दुसरी आली नाही, तिच्यासाठी जागा सापडायला पाच महिने लागले आणि ते पाच महिने माझं निघणं लांबलं. ते लांबायलाच हवं होतं.

१९३३ मध्ये फ्रँकफर्ट विद्यापीठातून काढलेले प्राध्यापक फिलिप श्वार्ट्झ झुरिकला पोचले आणि स्वतःसाठी जागा शोधण्याआधी त्यांनी काढून टाकलेल्या जर्मन शास्त्रज्ञांसाठी मदतसंस्था उभी केली. तुर्कस्तान तेव्हा इस्तंबूल विद्यापीठाची नव्याने घडी बसवत होतं. श्वार्ट्झ यांनी बोलणी केली ती एकट्यासाठी नाही, अनेकांसाठी, आणि मोठ्या संख्येने जर्मन प्राध्यापक तिथे गेले. आज जर्मनीत धोक्यात असलेल्या संशोधकांसाठीची हुम्बोल्ट प्रतिष्ठानची योजना त्यांच्याच नावाने आहे. तुम्ही बोलणी करायला बसाल तेव्हा गटातल्या आणखी कुणासाठी दार उघडता येईल का, तेही विचारा. दोन मराठी पोस्टडॉकना आमच्या संस्थेत मुलाखत मिळाली ती अशा एका साध्या प्रश्नातून.

पैसे

अमेरिकेतलं निवृत्तिखातं घाईने मोडू नका, दंड आणि कर दोन्ही बसतात. सोशल सिक्युरिटीचे ४० क्रेडिट, म्हणजे साधारण दहा वर्षं, पूर्ण होत आली असतील तर निघण्याची तारीख ते बघून ठरवा. जर्मनी, फ्रान्स, ब्रिटनशी अमेरिकेचा करार असल्याने दोन्हीकडची वर्षं जोडून हक्क मिळू शकतो. भारताशी असा करार नाही. जर्मन सरकारी पेन्शनचा हक्क निदान पाच वर्षं भरल्यावर मिळतो.

अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक कुठेही राहिला तरी अमेरिकेत विवरणपत्र भरतो, आणि परदेशी खात्यांत मिळून दहा हजार डॉलरवर रक्कम गेली की त्यांची माहिती द्यावी लागते. पुण्याची एनआरओ खाती त्यात धरली जातात हे तुम्हाला ठाऊक असेलच, आता युरोपातलं पगाराचं खातंही त्यात येईल. आणि सहा महिन्यांचा घरखर्च हातात ठेवा. पहिला पगार, घराची अनामत रक्कम आणि अमेरिकेतलं मोडलेलं भाडं हे तिन्ही एकाच महिन्यात येतात.

घरची माणसं

आमच्या घरात निर्णय झाला तो माझ्या करारामुळे नाही. नवरा सात वर्षं एच-४ वर, म्हणजे एच-१बीधारकाच्या जोडीदाराच्या व्हिसावर, होता, त्यातली पहिली चार नोकरीविना. जर्मनीत संशोधकाच्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून काम करता येतं, फ्रान्समध्येही कुटुंबाच्या परवान्यावर तसंच. जर्मनीच्या सरकारी आरोग्यविम्यात मुलं आणि न कमावणारा जोडीदार वेगळा हप्ता न भरता येतात. पगाराचे आकडे शेजारी ठेवताना या गोष्टीही मांडा.

मुलांचं वय मात्र नीट बघा. आठ-नऊ वर्षांपर्यंत मूल नवी भाषा वर्षभरात उचलतं. चौदा-पंधराव्या वर्षी तेच मूल वर्गात मुकं होऊन बसतं, आणि जर्मनीत तर पुढच्या शाळेचा प्रकार बहुतेक राज्यांत चौथीनंतरच ठरतो. मोठ्या मुलांसाठी आंतरराष्ट्रीय शाळेची फी करारात मागा किंवा इंग्रजी बोलणारा देश निवडा. जोडीदाराने भाषेचा वर्ग निघण्याआधी सहा महिने लावावा. तुम्हाला प्रयोगशाळेत इंग्रजी पुरेल, घरमालकाशी आणि बालरोगतज्ज्ञाकडे ती पुरणार नाही.

शेवटचा आठवडा

विद्यापीठाचा ईमेल बंद होण्याआधी ऑर्किड (संशोधकाचा ओळख-क्रमांक), नियतकालिकांची खाती, बँक आणि कर यांवरचा पत्ता वैयक्तिक ईमेलवर न्या. दातांचं काम उरकून घ्या, लसीकरणाच्या नोंदी आणि मुलांचे शाळेचे निकाल छापील घ्या. आणि अमेरिकेतला फोन नंबर बंद करू नका. बँक, निवृत्तिखातं, करखातं सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर येतात, आणि बंद पडलेला नंबर बाहेरून परत मिळत नाही. महिना काही डॉलरच्या स्वस्त योजनेवर तो वळवा आणि ते सिम जुन्या फोनमध्ये घालून घरात चार्जिंगला लावून ठेवा.